गच्चीवरचा बाक

"आज पुन्हा सुरू झालंय त्यांचं, खरखर, खरखर. आता दुपारपासून वास सुटेल. दरवर्षी तेच! बसत तर कोणी नाही त्या बाकावर, अन् डोकं आपलं दुखे," पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता कमल फोनवर बहिणीला सांगत होती. दोन्ही गच्च्यांच्या मधे कमरेएवढा कठडा. त्याच्या अलीकडे वैजयंती बाकाच्या पायाशी उकिडवी बसलेली, हातात रंग खरवडायची लोखंडी पट्टी, डोक्याला जुन्या साडीचं फडकं. त्यामुळे कमलला ती दिसली नाही, आणि पट्टी पुसायला ती थांबली होती म्हणून खाली गेली असंच कमलला वाटलं. वैजयंतीचा हात थांबला. उत्तर तर जिभेवर तयार होतं. तुमच्या घराखाली चार पॉवरलूम दिवसभर खटखट करतात, तेव्हा आम्ही कधी म्हटलं का गं की आमचं डोकं दुखतं? उभं राहायचं, फडकं सोडायचं, कठड्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि म्हणायचं. पण ती उठली नाही. कमलचं ते मधलं वाक्य डोक्यात अडकून बसलं होतं. बसत तर कोणी नाही. खोटं असतं तर भांडता आलं असतं. खरं होतं, आणि तेही शेजारणीनं ओल्या टॉवेलला झटका देता देता सहज बोलून टाकलेलं. घरात मात्र आजवर कुणी ते तोंडातून काढलं नव्हतं.

बाक चांगला पाच माणसांचा, पाठ असलेला, हातांना गोल वळण दिलेला, आणि त्याच्याच जोडीच्या दोन खुर्च्या. देडतलाईकडचं सागवान, मोतीलाल मिस्त्रीनं उन्हाळाभर बसून केलेलं. लेकीचं, भूमिकाचं लग्न ठरलं तेव्हा शाहपूरच्या तिच्या सासरच्या लोकांनी मोठ्या मनानं सांगितलं होतं, आमच्या घरात देवाच्या दयेनं सगळं आहे, कपाट नको, पलंग नको. वाटलंच तर बाहेर बसायला काही द्या, वरांडा मोठा आहे. वैजयंतीला तेव्हा किती बरं वाटलं होतं. कशी समजूतदार माणसं! तिच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ यायची. पुढे केळीच्या बागा, मागे घर, आणि बाकावर पाय वर घेऊन बसलेली भूमिका, हातात चहा. मूर्खपणा सगळा. लग्नानंतर पहिल्यांदा ती शाहपूरला गेली तेव्हा बाकावर सासरे, त्यांचे व्यापारी आणि जावई भूपेंद्र असे सगळे बसलेले होते, आणि भूमिका आतून ट्रे घेऊन आली, ठेवून गेली, परत आली, कप उचलून गेली. "बैस ना गं जरा," वैजयंती म्हणाली, तेव्हा भूमिकाच्या सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "वरांड्यात सुना नाही बसत आमच्याकडे. बाहेरच्या माणसांची नजर असते." हसून. रागावून म्हणाल्या असत्या तर वैजयंतीला काही बोलता आलं असतं. हसून म्हटलेल्या गोष्टीला विहिणीनं काय उत्तर द्यायचं? तिनंही हसून दिलं. आता पट्टीनं पॉलिशची साल ओढता ओढता तिला त्या हसण्याचाच राग येत होता. त्यांच्या, आणि त्याहून जास्त स्वतःच्या.

साल तर इतकी निघत होती की विचारू नका. उन्हात पोळलेल्या पाठीची कातडी निघावी तशी, पापुद्रे, पापुद्रे. वर महोगनी, त्याखाली अक्रोडी, त्याखाली पिवळट. एकेका वर्षाचा एकेक रंग. तिचे यजमान श्रीकांत दर दिवाळीआधी शनवारा भागातल्या दुकानातून डबा आणायचे, चमकदार पॉलिशचा, आणि दरवर्षी रंग एक पायरी गडद. "मुलीचं सामान आहे, नव्यासारखं राहिलं पाहिजे," एवढंच म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना असं एखादं वाक्य सापडलं की ते वर्षभर पुरायचं. आणि ते पॉलिश आठ महिनेसुद्धा टिकायचं नाही. घरातल्या कपाटाला ठीक आहे हो ते. इथं उघड्या गच्चीवर बुऱ्हाणपूरचं ऊन आणि तापीवरून येणारा पाऊस. लाकूड फुगतं, आक्रसतं, आणि वरचा काचेसारखा थर काही हलत नाही. मग तो तडकतो. तडकीतून पाणी आत जातं, वर थर असल्यामुळे बाहेर येऊ शकत नाही, आणि आतल्या आत लाकूड काळं पडत जातं, वरून चमकतच. हे सगळं वैजयंतीला कुणी शिकवलं नव्हतं. मोबाइलवर बघून बघून, आणि चार वर्षं स्वतःच्या हातानं नासवून तिला कळलं होतं. बाहेरच्या लाकडाला झाकायचं नसतं, तेल पाजायचं असतं. जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. ते आत मुरतं, वर थर धरत नाही. चमक येत नाही, पण लाकूड लाकडासारखं राहतं. हे ती गेल्या दिवाळीतही म्हणाली होती. श्रीकांत म्हणाले होते, "तेलानं डाग झाकला जाणार नाही."

डाग. तोच तर. बाकाच्या बैठकीवर डाव्या हाताला, विळ्याच्या पात्यासारखे लांबट, काळपट तपकिरी पट्टे. बाक शाहपूरहून परत आला, त्या दिवसाचे.

तो दिवस आठवायचा नाही असं ठरवलं की तो पहिल्यांदा नाकात यायचा. केळीच्या टेम्पोचा वास, गोडूस, सडका, डिझेलमध्ये मिसळलेला. दुपारच्या उन्हात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला, मागे घड लादायच्या जागी उलटा ठेवलेला बाक, पाय आकाशाकडे, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी भूमिका. आधी निरोप नाही, फोन नाही. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना तेव्हाच पडदे झटकायचे होते. श्रीकांत दारात आले, टेम्पो बघितला आणि त्यांचा आवाज चढला, इतका की आयुष्यात चढला नव्हता. "असं सामान परत पाठवतात? केळ्याच्या टेम्पोत? माणसं आहेत का कोण आहेत!" भूमिका उतरली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बाबांचा तो लाल चेहरा बघून मिटलं. वैजयंतीनं तिला आत ओढलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि शाहपूरच्या लोकांना शिव्या दिल्या. शिव्या देता देता रडली. मुलगी रडली नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल. त्या दिवशी पुष्कळ गोष्टी लक्षात येऊन बाजूला ठेवल्या गेल्या. सामान घरात घ्यायचं की नाही हाही प्रश्न आला. पुढच्या खोलीत जागा होती. पण श्रीकांत म्हणाले, "सध्या वर ठेवू. आत लावलं म्हणजे मग..." बाक सध्या गच्चीवर गेला. भूमिका सध्या इथे राहिली. नंतर नेपानगरच्या शाळेच्या ऑफिसात सध्या नोकरीला लागली, रोज गाडीनं जाते येते, चांदनी स्टेशन आलं की घरी मिस कॉल देते म्हणजे कुकर लावता येतो. लग्नाकार्यात कुणी विचारलं की "सध्या माहेरीच आहे." त्या एका शब्दावर ह्या घरानं चार वर्षं काढली. गल्लीत मात्र दुसरा शब्द होता. टाकलेली. वैजयंतीच्या समोर तो कुणी उच्चारला नव्हता, पण ती वळली की पाठीला लागायचा, आणि घरात तर तो येऊ नये म्हणून सगळे जण सगळेच शब्द कमी वापरायला लागले होते.

जिन्यावर चपला वाजल्या. श्रीकांत वर आले, हातात डबा. यंदाचा गडद महोगनी.

"अगं, हे काय! नुसता वरवर रेगमालचा कागद घासायचा होता. तू तर पार नागडं केलंस त्याला."

"खालचं सुटलेलं असेल तर वर कितीही फासलं तरी राहत नाही."

"परवा सोमवारी शाहपूरची माणसं यायची आहेत! आपल्या वंदनानं किती खटपटीनं जमवलंय. भूमी सन्मानानं जायची तर सामान असं पाठवायचं? डागासकट?"

"त्यांच्याच टेम्पोनं पडलेला डाग आहे. बघू देत की त्यांना."

"तू ना, भांडायला बसली आहेस," श्रीकांत म्हणाले आणि डबा कठड्यापाशी ठेवून खाली गेले. डबा ठेवताना मात्र त्यांनी तो सावलीत सरकवला. ह्या माणसाला डब्याची काळजी होती, बाकाची होती, वंदनाच्या खटपटीची होती. भूमीला कुणी विचारलंय का, हे त्यांना विचारावं असं वैजयंतीच्या मनात आलं, आणि मग आपण तरी कुठे विचारलंय, हे आलं, आणि तिनं रेगमालचा तुकडा इतक्या जोरात घासला की तो फाटला. संताप कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. नणंदेवर, वंदनावर, जिनं "ते लोक मोठ्या मनानं न्यायला तयार आहेत" असं फोनवर सांगितलं? मोठ्या मनानं! बाक मागितला तोही मोठ्या मनानं, परत धाडला तो कुठल्या मनानं? आणि भूमिका? तिला सोमवारचं कळलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "बरं. त्या दिवशी सुट्टी टाकते." बरं म्हणजे काय गं! ओरड, ताट आपट, काहीतरी कर. रात्री उकडतं म्हणून गच्चीवर येते ती प्लास्टिकची खुर्ची उचलून, आणि बसते बाकाच्या शेजारी. बाकावर नाही. तिथं बसू दिलं नाही, इथं बसत नाही. आणि आपण दरवर्षी त्याला मेकअप करतोय, बघायला येणाऱ्यांपुढे बसवायच्या मुलीसारखा.

"अय्या काकू, तुम्ही इथेच होत्या का?" कमल कठड्यावरून वाकून बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की वैजयंतीला हसूच आलं.

"इथेच होते. वास आज येणार नाही हो तुझ्या डोक्याला. नुसतं तेल लावणार आहे."

"नाही नाही काकू, ते मी असंच... बहिणीशी... मी तर काही पण बोलते." कमलनं विषय शोधायला इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर बैठकीवर गेली. "हे किती छान निघालं आतून! अन् हा डाग तर, काकू, चीक आहे. केळीचा."

"माहीत आहे. टेम्पोतला."

"टेम्पोत चीक कुठून येणार? घडांचा चीक गळतो तो थेंब थेंब. हे तर पानाच्या देठाचे पट्टे. कोणी ओली पानं कापून गुंडाळली ना याला?" कमलचं माहेर खकनारकडचं, तीन पिढ्या केळीच. ती आता माफी विसरून रंगात आली होती. "आमच्याकडे लहान पोरगं पण हिरवं पान लावणार नाही सामानाला. कपड्याला लागलं तर कपडा गेला. वाळलेली पानं घेतात, ती नुसती पडलेली असतात ढिगानं. पक्कं सांगते, हे शाहपूरवाल्यांचं काम नाही. कोणी शहरातल्या माणसानं बांधलंय, अन् घाईत."

ती गेली, तरी वैजयंती त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. मग बाजूला ठेवलेल्या गोष्टी एकेक करून आपण होऊन पुढे आल्या. बाक सोडवताना तिनंच गाठी सोडल्या होत्या. हातांच्या गोल वळणावर, जिथं खरचटलं असतं नेमकं तिथं, ओढणीची घडी घालून बांधलेली. भूमीची जांभळी ओढणी. पानांवर सुतळी आडवीतिडवी घेतलेली, आणि गाठ ती, जी शाळेच्या दप्तराला ही पोरगी मारायची आणि जी सोडवता सोडवता वैजयंतीची नखं मोडायची. खुर्च्या एकमेकींच्या मिठीत बसवाव्यात तशा ठेवलेल्या, मधे उशी. हाकलून देणारं माणूस असं बांधतं का? फेकायच्या वस्तूला कुणी ओढणी लावतं? हे सगळं तिनं त्याच दिवशी हातानं सोडवलं होतं. हातांना कळलं होतं. पण श्रीकांत खाली ओरडत होते, गल्ली ऐकत होती, आणि शाहपूरच्या लोकांवर रागावणं इतकं सोपं होतं, इतकं मोकळं वाटत होतं त्यात, की त्या जांभळ्या ओढणीची घडी करून तिनं ती कपाटात वरच्या फळीवर टाकली आणि पुन्हा रडायला बसली. चार वर्षं. भूपेंद्रच्या घरून ह्या चार वर्षांत कुणी कधी म्हटलं नाही की आम्ही पाठवलं. कुणी म्हटलं नाही की आम्ही पाठवलं नाही. त्यांना तर सोयीचंच होतं. सुनेनं सोडलं म्हणण्यापेक्षा सुनेला काढलं म्हणणं त्यांच्या मिशीला बरं.

तिनं तेल कालवलं. ऊन कलायची वाट बघितली, कारण तापलेल्या लाकडावर तेल घेतलं की ते चिकट होऊन बसतं. आधी पायांचे तळ. तिथून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, आणि तिकडेच कुणी बघत नाही. मग पाठ, मग हातांची वळणं, रेषेच्या दिशेनं, फडक्यानं. कोरडं लाकूड तेल घेताना रंग बदलतं तो बघण्यासारखा असतो. आतून मध वर यावा तसा. थोडं थांबून जास्तीचं पुसायचं. पुसलेली फडकी गोळा करून ठेवायची नाहीत, आपोआप पेट घेतात म्हणे. तिनं ती कठड्यावर पसरली, एकेक सुटी. संतापाचंही असंच असावं, तिच्या मनात आलं, आणि मग हे फारच शहाण्यासारखं झालं म्हणून ती स्वतःवरच वैतागली. बैठकीचा डावा भाग मात्र तिनं कोराच ठेवला. डाग होता तिथला. का ते तिला सांगता आलं नसतं.

वंदना आली ती दराब्याच्या मिठाईचा पुडा घेऊनच, सोमवारच्या पाहुण्यांसाठी. जिना चढून धापा टाकत म्हणाली, "वहिनी, दादा सांगत होता ते खरंच की काय? अहो, काय करून ठेवलंत हे! चमक कुठे गेली?"

"चमक त्या डब्यात आहे, वंदनाताई. उघडलाच नाही."

"गंमत सुचतेय तुम्हाला. मी किती पायऱ्या झिजवल्या त्यांच्या! पोरीचं पुन्हा बसतंय तर..." तिनं श्रीकांतकडे वळून बघितलं. ते तिच्या मागोमाग वर येऊन कठड्याशी उभे होते, आणि त्यांची नजर बाकाच्या पाठीवर होती. त्यांनी हात पुढे केला, तेल घेतलेल्या लाकडावरून दोन बोटं फिरवली आणि ती नाकाशी नेली. बायकोला दाद द्यायची झाली की ते अशीच द्यायचे, बोटांनी, शब्दांनी नाही. इतकी वर्षं ह्याचाही तिला राग होता.

खाली फाटक वाजलं. भूमिका वर आली, खांद्यावर पर्स, चेहऱ्यावर गाडीची धूळ. "आई, चांदनीहून मिस कॉल दिला होता, बघितला का नाही?" म्हणेपर्यंत तिला बाक दिसला. ती जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

"आलीस? ये," वंदना म्हणाली. "हे बघ, परवा सकाळीच येतायत ते. तू जास्त बोलू नकोस. झालं गेलं विसरायचं. त्यांनी एकदा परत पाठवलं, पण आता स्वतः होऊन न्यायला येतायत, म्हणजे त्यांना चूक कळली असंच समजायचं. नाही का रे दादा?"

भूमिका पुढे आली. पर्स खांद्यावरून काढून तिनं खाली ठेवली, वाकली, आणि बैठकीवरच्या त्या काळपट पट्ट्यांवर तळहात ठेवला. पॉलिशखाली गेल्यापासून तिनं ते बघितलेच नव्हते.

"हा भाग कोरडा आहे," वैजयंती म्हणाली. "बस."

"अगं, कपडे खराब होतील!" वंदना म्हणाली.

भूमिका बसली. आधी टोकाला, पाहुण्यासारखी. मग मागे सरकली, पाठ टेकली, आणि चपला काढून पाय वर घेतले. खाली कमलच्या घरातले लूम खटखटत होते. वैजयंतीच्या हातात अजून तेलाचं फडकं होतं. तिनं ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. हिंमत करायची म्हणजे नक्की काय करायचं असतं, ते तिला कधी कळलं नव्हतं. मग तिनं विचारून टाकलं.

"भूमे, पानं कुणी कापली होती गं?"

"कसली पानं?" वंदना म्हणाली.

भूमिकानं आईकडे बघितलं.

"मी," ती म्हणाली. "वाळलेली कुठे असतात ते मला माहीत नव्हतं. अंधारच होता अजून. विळ्यानं समोरची कापली."

"म्हणजे?" श्रीकांतांनी कठड्याला धरलं. "अन् टेम्पो?"

"सगळे खंडव्याला लग्नाला गेले होते. सकाळी रस्त्यावर जाऊन मी थांबवला एक रिकामा. ड्रायव्हर आणि मी, दोघांनी मिळून चढवला बाक. माझा होता ना." तिचा आवाज चढला नव्हता, पण हात बाकाच्या हाताला घट्ट धरून होता. "मी सांगणारच होते त्या दिवशी. पण तुम्ही दारातच त्यांच्यावर इतके चिडलात, आणि मग आईसुद्धा, आणि मग रोज सगळे तेच धरून चाललात. मला वाटलं, तुम्हाला ते सोपं जातंय."

"भूमी, हळू, शेजारी ऐकतील," वंदना म्हणाली.

"ऐकू दे ना, आत्या. ऐकायलाच पाहिजे त्यांनी." भूमिकानं पाय खाली घेतले नाहीत. "मला कोणी टाकलं नाही, बाबा. मी त्यांना सोडून आले."